काचेतलं पाणी

“पहिला फायरमन आंधळा होता म्हणं, चाचा. त्यानंच इंजिन जाळलं.”

देवगाव रंगारीहून आलेली एक मावशी शेजारच्या म्हाताऱ्या प्रवाशाला सांगत होती. मांडीवर नात, ओट्यात भुईमुगाच्या शेंगा. मागच्या महिन्यात तिची जाऊ या गाडीत बसून गेली होती आणि भोंग्यावर बोलणाऱ्या पोरीनं हे सगळं सांगितलं होतं म्हणे. म्हाताऱ्यानं तिच्याकडे वळून, अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, विचारलं, “व्हय का?” आणि तिनं पुढं केलेल्या शेंगांतल्या दोन उचलल्या.

तो म्हातारा म्हणजे मुनीरचाचा. पहिला फायरमन. आणि भोंग्यावर बोलणारी पोरगी म्हणजे मी. दोन बाकं सोडून उभी होते, भोंगा पोटाशी धरून.

आता जे सांगणार आहे ते त्या रविवारपर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणींना नाही — तशा मैत्रिणी तरी कुठं आहेत मला? त्या रविवारीसुद्धा फक्त शेवटचं टोक बोलले. बाकीचं तुम्हालाच सांगते आहे.

आधी इंजिनाबद्दल, कारण ते सोपं आहे.

आमचं इंजिन छोटं, अरुंद रुळांवरचं. गावकरी त्याला ठेंगणी म्हणतात. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर कुणा जहागीरदाराच्या कापसाच्या जिनिंगमधून ते लिलावात निघालं, पुढं एका साखर कारखान्यानं ऊस ओढायला घेतलं. कारखाना बंद पडला तेव्हा ते शेडमध्ये तसंच राहिलं. चिमणीत होले घरटी करायचे. मग सोनवणे सर — पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, पुंडलिकनगरात आमच्याच गल्लीत राहतात — यांच्या डोक्यात आलं की हे चालू करायचं. तीन वर्षं लागली. आता दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत दर रविवारी दोन डबे जोडून ती कारखान्याच्या आवारातून पाझर तलावापर्यंत जाते आणि परत येते. साडेतीन किलोमीटर. एवढ्याशा अंतरासाठी किती कटकटी! आज इंजेक्टर पाणी घेत नाही, उद्या कोळसा ओला, परवा रुळावर कुणाच्या तरी शेळ्या बसलेल्या.

मला सरांनी घेतलं ते इंग्रजीसाठी. परदेशातल्या हौशी मंडळींकडून जुने नकाशे, सुट्या भागांची मापं मागवायची होती. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि मला लिहायला आवडतं. बोलायला नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. इंजिनावर मात्र मला बरं वाटायचं. तिथं इतका आवाज असतो की कुणी कुणाकडून बोलायची अपेक्षाच करत नाही.

इंजिनावर दोघं असायचे. ड्रायव्हर विठ्ठलमामा — फुलंब्रीचे, घरची शेती, मीटरगेजवर आयुष्य घालवलेलं. आणि भट्टीत कोळसा घालणारे, पाणी सांभाळणारे फायरमन मुनीरचाचा. नोकरीतही बरीच वर्षं दोघं एकाच इंजिनावर होते. एकमेकांना एकेरी हाक मारणारे या जगात बहुधा तेवढेच दोघे उरले होते. मामांना काय हवं ते चाचांना न सांगता कळायचं. मामांनी नुसती टोपी मागं सरकवली तरी चाचा फावडं उचलायचे. मामा म्हणायचे, “मुन्या, तुझ्यापेक्षा माझ्या बैलाला जास्त कळतं.” चाचा म्हणायचे, “हौ, तोच तुझ्यासंगं जनम काढंल.”

तिसरी मी. पाठीमागं, कोळशाच्या पेटीला टेकून.

चाचांना मोतीबिंदू झाला होता. हे फक्त मला माहीत होतं. कळलं कसं, तर पाण्याच्या काचेमुळे.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते डोकावून बघता येत नाही. बाहेर एक उभी काचेची नळी असते, बोटाएवढी, तिच्या वर-खाली तोटीसारखा एकेक कॉक. कॉक उघडे असले की बॉयलरमधल्या पाण्याची पातळी त्या काचेत दिसते. ठेंगणीला अशी एकच काच आहे. दुसरीचा सुटा भाग मिळाला नाही म्हणून तिथं बूच मारलंय. चाचांना ती बारीक रेघ दिसेनाशी झाली होती. एके दिवशी मामांची पाठ असताना त्यांनी मला हळूच विचारलं, “बेटा, पानी कित्ता है?” मी सांगितलं. दुसऱ्या फेरीला पुन्हा विचारलं. मग ते ठरूनच गेलं. मोसम संपला की ऑपरेशन करून घेतो, तोवर विठ्ठलला बोलू नको, तो मला खाली उतरवेल — एवढंच म्हणाले. मी मान हलवली. मला तर आवडलंच. कुणीतरी माझ्यावर भरवसा ठेवला होता आणि त्यासाठी मला बोलावं लागत नव्हतं. अर्धी. पाऊण. अर्धी. तेवढंच.

आता त्या दिवसाचं.

तलावापाशी गाडी तासभर थांबते. चाचा चिंचेखाली जोहरची नमाज पढायचे, मामा डबा खायचे. त्या दिवशी काचेवर काजळी बसली होती आणि मला वाटलं, पुसून ठेवावी. काच तापलेली असते, कधी कधी फुटते, म्हणून पुसण्याआधी दोन्ही कॉक बंद करायचे हे चाचांनीच शिकवलं होतं. मी केले. पुसली. छान चकचकीत झाली. तेवढ्यात सर ओरडत आले — परदेशी पाहुणे आलेत, खाली ये, इंग्रजीत माहिती सांग. मी खाली उतरले. पाहुण्यांपुढं अडखळत, घाम पुसत, काय बोलले ते मला आजही आठवत नाही. परत चढले तेव्हा गाडी सुटायची वेळ झाली होती.

कॉक उघडायचे राहिले.

कॉक बंद असले की काचेत जे पाणी अडकलंय तेच दिसत राहतं. बॉयलर रिकामा होत जातो, काच अर्धी ती अर्धीच.

परतीला चढ आहे. दोन्ही डबे भरलेले. चाचांनी विचारलं, पानी? मी म्हणाले, अर्धी. थोड्या वेळानं पुन्हा. अर्धी. खोटं नव्हतं ते — जे दिसत होतं तेच सांगत होते. इथपर्यंत मी नुसती विसरभोळी मुलगी होते, आणि विसरभोळ्या मुलीला कुणीही माफ करतं, नाही का?

पण बाभळीच्या वळणाच्या अलीकडे चाचांनी वेगळंच विचारलं. बहुतेक त्यांना इंजिनाच्या आवाजावरून काही खटकलं असेल. ते म्हणाले, “हिलरा क्या?”

चालत्या इंजिनात काचेतलं पाणी कधी स्थिर नसतं. थरथरत असतं. मी बघितलं. रेघ काढल्यासारखं स्थिर होतं. त्याच क्षणी मला सगळं आठवलं — कॉक, फडकं, सरांची हाक. सगळं. माझा हात काचेपासून फार तर दोन हात लांब होता. पण मध्ये मामा उभे होते, आणि मामांच्या शेजारी ते परदेशी पाहुणे, खास फुटप्लेटवर, इंजिनात आमच्यासोबत चढवलेले, कॅमेरा माझ्याकडेच रोखून. सगळ्यांच्या देखत म्हणायचं की मी कॉक बंद करून विसरले? आणि मग मामा विचारणार, काच तू का बघतेस, मुन्या काय करतोय? मी मनाशी म्हटलं, चढ संपला की हळूच उघडू. पाच मिनिटांत काय होणार आहे?

मी म्हणाले, “हो चाचा.”

त्या दोन शब्दांचा मला इतका वैताग आला आहे, इतका, की सांगता येत नाही. आयुष्यभर मला वेळेवर बोलता येत नाही म्हणून घरचे कटकट करतात. त्या दिवशी बरोब्बर वेळेवर बोलले.

चढ संपायच्या आत प्लग गळाला. भट्टीच्या छतात पितळेचा एक प्लग असतो, त्यात शिसं भरलेलं. छतावर पाणी आहे तोवर शिसं टिकतं. पाणी खाली गेलं की वितळतं आणि वाफ खाली घुसून आग विझवते. म्हणजे बॉयलर फुटत नाही. पण तो आवाज, ती वाफ — भट्टीच्या दारातून पांढरा लोटच बाहेर आला. चाचांनी पुढं होऊन हातानं दार लोटलं. उजवा तळवा भाजला. मामांनी गाडी थांबवली, पाहुण्यांना उतरवलं. आणि त्या गडबडीत, मामांची पाठ होती तेवढ्यात, चाचांनी काच चाचपली, बोटांनी कॉक शोधले. ते बंद आहेत हे त्यांना हाताला कळलं. त्यांनी ते उघडले. काचेतलं पाणी खाली गेलं आणि दिसेनासं झालं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय दिसलं असेल त्यांना त्या डोळ्यांनी?

मामांना म्हणाले, माझी चूक. पाणी बघायचं राहिलं.

जुन्या शेडमधला एक रिवाज होता, तो मला त्या दिवशी कळला. प्लग गळणं ही फायरमनची सगळ्यात मोठी नामुष्की. काचेकडे बघणारा दुसरा कुणी असला तरी काच फायरमनची. ज्याचा प्लग गळाला तो आपलं फावडं ड्रायव्हरच्या पायाशी पालथं ठेवून खाली उतरतो. ड्रायव्हरनं ते उचलून परत हातात दिलं तर विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही. नाही दिलं तर त्या इंजिनावर तो परत चढत नाही. चाचांनी भाजल्या हातानं फावडं पालथं ठेवलं. मामांनी ते ठेवू पण दिलं नाही नीट. उचललं आणि त्यांच्या छातीवर टेकवलं. “गप ए मुन्या. लई शहाणा झाला.”

तिथंच संपलं होतं. बघा ना — तिथंच सगळं संपलं होतं. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. गप्प बसणं तर मला येतं!

पण रिपोर्ट लागणार होता. बॉयलर तपासून नवा दाखला मिळायचा तर झालं कसं ते लिहून द्यायला हवं, आणि ज्या परदेशी मंडळींनी नवा प्लग पाठवायचं कबूल केलं होतं त्यांनाही तोच पाठवायचा. म्हणजे इंग्रजीत. म्हणजे मी. सर म्हणाले, इतका मुरलेला माणूस पाणी बघायला विसरला हे कुणाला पटणार नाही, काहीतरी कारण हवं. आणि मग सहज, चष्मा पुसत, त्यांनी विचारलं, की काच कुणी पुसली होती का मध्ये?

सहजच विचारलं होतं. त्यांना काही संशय नव्हता. आणि मी — जिला साधा पत्ता विचारायला लाज वाटते — मी लगेच म्हणाले की सर, चाचांना मोतीबिंदू आहे.

ते मी लिहिलं. उत्तम इंग्रजीत, तीन परिच्छेद, एकही चूक नाही. घटनेचं कारण: फायरमनची अधू दृष्टी, जी त्यांनी सहकाऱ्यांपासून लपवली. ‘लपवली’ हा शब्द मी स्वतः निवडला. मग सही घ्यायला चाचांच्या घरी गेले, शहागंजच्या मागं. त्यांच्या हाताला पट्टी होती. त्यांना इंग्रजी येत नाही. मला म्हणाले, पढके सुना. मी वाचून दाखवलं, हिंदीत करून, आणि ती ओळ गाळली. त्यांनी डाव्या हातानं उर्दूत सही केली आणि मला सरबत पाजलं.

हा माझा गुन्हा. कॉक नव्हे. तुम्हाला वाटलं असेल कॉक.

आम्हा सगळ्यांच्या पुढच्या बैठकीत सरांनी रिपोर्ट मराठीत करून सगळ्यांना ऐकवला. ती ओळ आली तेव्हा चाचांनी मान वर केली नाही. ते माझ्या हातांकडे बघत होते. मी फाईल धरून बसले होते. मामा चाचांना म्हणाले, “माझ्यापासून लपवलंस? मी दोन फुटांवर हुभा असतो रे.” उठले, बाहेर शेडमध्ये गेले आणि चाचांचं फावडं भिंतीवरच्या खुंटीला टांगून आले. त्या दिवसापासून दोघं बोलत नाहीत.

चाचांनी लपवलं होतं हे खरंच आहे. मी आता काहीही कबूल केलं तरी तेवढं खरंच राहतं. म्हणून तर मला तो मुद्दा सुचला असेल — खऱ्याचा एक तुकडा पुढं करून उरलेलं झाकायचं.

यानंतरच्या दोन मोसमांचं काय सांगू? वैताग, नुसता वैताग. सरांनी ठरवलं की माझा लाजरेपणा जायला हवा, म्हणून हातात भोंगा दिला. परतीला बाभळीच्या वळणावर गाडी फोटोसाठी थांबते, तिथं मी माहिती सांगायची. त्यात सरांनी एक वाक्य घालायला लावलं: याच जागी पूर्वी एका वयस्कर फायरमनच्या अधू नजरेमुळे अपघात झाला, म्हणून आता आपण कर्मचाऱ्यांचे डोळे दरवर्षी तपासतो. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. दर रविवारी, तीन भाषांत, मी ते बोलत आले. आणि लोक म्हणायचे, ताई किती छान बोलतात! आई फोटो काढून नातेवाइकांना पाठवायची. मला तो भोंगा तलावात फेकावासा वाटायचा.

चाचांचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. आता ते चष्म्याशिवाय पेपर वाचतात. सरांना हे कळवलं तर ते म्हणाले, चांगलं झालं, पण नियम म्हणजे नियम, रिपोर्टात नाव आलेला माणूस परत इंजिनावर नाही. नवा फायरमन निम्म्या फेऱ्यांत वाफ घालवतो आणि मामा त्याच्यावर खेकसत राहतात. आणि चाचा? कधी तक्रार नाही, कधी निरोप नाही. खरं सांगते, मला त्यांचाच राग यायला लागला होता. एकदा तरी शिवी द्यायची होती मला! इतकं चांगलं का असावं माणसानं, की दुसऱ्याला कबुली द्यायचीसुद्धा सोय राहू नये? — बघा, पुन्हा मी त्यांच्यावरच ढकलते आहे.

आणि त्या रविवारी ते तिकीट काढून डब्यात येऊन बसले. मी दचकून विचारलं, चाचा, तुम्ही? म्हणाले, नवा माणूस कसा पेटवतो ते बघायला आलो. धुराकडे बघून मान हलवली — कोळसा ज्यादा डालरा. मग ती मावशी, शेंगा, आणि तिचं ते वाक्य. आणि त्यांचं ‘व्हय का’.

तलावावर गाडी थांबली. चाचा चिंचेकडे गेले. मामा इंजिनाच्या दुसऱ्या बाजूनं उतरले, म्हणजे समोरासमोर यायला नको. डबा न उघडता रुळाकडे बघत बसले. ज्यांनी कित्येक वर्षं एका डब्यातलं खाल्लं ती दोन माणसं, मध्ये पन्नास पावलं. मी दोघांनाही बघू शकेन अशा जागी उभी होते. तशी जागा मला नेहमी सापडते.

परतीला बाभळीचं वळण आलं. गाडी थांबली. लोक उतरले, मोबाईल काढले. मावशीनं नातीला गप्प केलं, “ऐक, आता ती ताई सांगंल.” चाचा उतरले नाहीत; खिडकीशी बसून होते, हात मांडीवर, उजवा तळवा वर. तिथली कातडी अजून गुळगुळीत आहे, चकचकीत. मामा इंजिनातून मागं वाकून माझ्याकडे बघत होते, कारण माहिती संपली की हिरवी झेंडी मीच दाखवते.

मी भोंगा तोंडाशी नेला. “याच जागी” एवढं म्हणाले आणि थांबले. मावशीला वाटलं भोंगा बिघडला. सरांनी लांबून खुणेनं विचारलं, काय झालं?

मी लोकांकडे पाठ केली आणि भोंगा इंजिनाकडे वळवला. फक्त मराठीत बोलले. भोंगा होता म्हणून सगळ्यांनीच ऐकलं.

“विठ्ठलमामा, काचेचे कॉक मी बंद केले होते. रिपोर्ट मी लिहिला, आणि डोळ्यांची ओळ चाचांना वाचून दाखवली नाही. त्या दिवशी इथं चाचांनी मला विचारलं होतं, पाणी हलतंय का. हलत नव्हतं. मला दिसत होतं. मी हो म्हणाले.”